स्थिती : उपचार सुरू

३ फेब्रुवारी

छबू,

माझं पत्र बघून तुझा विश्वास बसणार नाही. फोनचं जुनं कार्ड मी काढून टाकलं. तुझ्यावर राग म्हणून नव्हे. ह्यांच्या आजारपणात जो तो माझा नंबर घेऊन गेला आणि ते गेल्यावरही महिनोन्‌महिने लोक विचारत राहिले, "आता कसं आहे?" किती जणांना तेच ते सांगायचं? नवा नंबर फक्त शाळेला आणि कारखान्याला दिलाय. शिवाय तुझ्याशी फोनवर बोलायला लागले की मी एक तर रडेन, नाही तर ओरडेन.

नोकरी लागली. चष्म्याच्या काचा घासायचा कारखाना आहे. दिवसभर हात पांढऱ्या पाण्यात, बोटांची टोकं मनुकांसारखी होतात. पिल्लूला शाळेत एक मैत्रीण मिळाली. खोली लहान आहे, पण ऊन येतं.

आता जे सांगायला बसले ते सांगते. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत माझ्या शेजारच्या यंत्रावरची बाई फोन घेऊन सगळ्यांपुढे फिरत होती. तिला आम्ही 'बातमीदार' म्हणतो, कारण कुणाच्या घरी काय शिजलं ते तिला फोडणीच्या आधी कळतं. "बघा गं बायांनो, काय देखणा माणूस! लहान मुलगी आहे पदरात. रक्ताचा कॅन्सर. थोडं थोडं द्या." माझ्यापुढे फोन धरला. लोकरीची टोपी घातलेले, अंगठा वर केलेले, हे. खाली तू काम करतेस त्या संस्थेचं नाव, आणि 'स्थिती : उपचार सुरू'.

छबू, ते जाऊन नववा महिना लागला.

सगळ्या देत होत्या. मी एकटीच गप्प बसले तर विचारतील म्हणून मीही दिले. बातमीदार म्हणाली, "देव तुझं भलं करो." मग मी मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि परत यंत्रावर बसले. कुणाला काही बोलले नाही.

हे काय आहे ते मला कळव. आणि ते काढ.

वहिनी


९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं अक्षर पाकिटावर बघितलं आणि जिन्यातच बसून पत्र वाचलं. तुला हे असं बघावं लागलं, कसली माफी मागू?

काय झालं ते सांगते. तू गेल्यावर संस्थेत देणग्यांची नवी ऑनलाइन यंत्रणा आली. आपलं ऑफिस तेच, टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. टेलिफोनवर तेच काका, अठरा वर्षं झाली त्यांना. पण आता सगळ्या दात्यांची माहिती कॉम्प्युटरवर. कोण कधी देतं, कोणाचं देणं थांबलं, कोणता फोटो बघून लोक थबकतात, हे सगळं यंत्राला कळतं. ज्यांनी तीन महिने दिलं नाही त्यांना ते आपणहून निरोप पाठवतं. डॉक्टरबाईंना यातलं ओ की ठो कळत नाही. त्या संस्था चालवतात, रुग्ण बघतात, आणि ही यंत्रणा माझ्या गळ्यात.

दादाचं पान जुन्या यादीतून नव्या यादीत गेलं आणि यंत्राने ते चालू ठेवलं. चूक यंत्राची, पण बघायला हवं होतं मी. आजच काढलं. शप्पथ.

पिल्लूला माझा पापा दे. मैत्रिणीचं नाव काय? दादासारखी ती झोपेत बडबडते का अजून?

छबू


२७ फेब्रुवारी

छबू,

तू काढलं नाहीस.

काल बातमीदाराने जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. पैसे दिलेल्या सगळ्यांना नवा निरोप आलाय म्हणे. "आज सकाळी त्यांनी पेज प्यायली. कसे आहात विचारलं तर हसून म्हणाले, मुक्काम पोस्ट खाट नंबर सात, अजून पत्ता बदललेला नाही." बायका हसल्या. एकीने पदराने डोळे पुसले.

हे वाक्य यंत्राला कुणी शिकवलं? त्या वॉर्डात पडदा ओढलेला असायचा तेव्हा ते हे म्हणायचे. ऐकायला मी आणि तू, दोघीच. डॉक्टरबाईंनाही ठाऊक नाही.

तेव्हा यंत्राच्या नावाने खडे फोडू नकोस. ह्यांच्या तोंडी शब्द तू घालतेस. लहानपणी तुझे गृहपाठ ते करायचे, तुझ्यासाठी वडिलांची खोटी सही करून मार खायचे, हे त्यांनीच मला कौतुकाने सांगितलं होतं. मेल्यावरही त्यांनाच कामाला लावलंस?

पिल्लूने परवा विचारलं, "बाबांचा फोटो एका काकूच्या फोनवर कसा?" ती मला न्यायला कारखान्याच्या फाटकाशी आली होती. मी म्हटलं, दुसरं कुणी असेल. पोटच्या पोरीला तिचा बाप 'दुसरं कुणी' म्हणून सांगितला.

वहिनी


४ मार्च

वहिनी,

खोटं बोलले. आता खरं लिहिते.

यंत्रणेत प्रत्येक रुग्णाच्या पानावर एक रकाना असतो, 'स्थिती'. त्यात तीनच पर्याय. उपचार सुरू, बरे झाले, निधन. निधनावर खूण केली की पान करडं होतं, त्या माणसाला दर महिन्याला देणाऱ्या सगळ्यांना एक शोकसंदेश आपोआप जातो, आणि त्यांचं देणं थांबतं. दुसरा रुग्ण निवडा, असं यंत्र विचारतं. शंभरातले दहासुद्धा निवडत नाहीत.

दादा गेला त्याच्या चौथ्या दिवशी मी ऑफिसात गेले. ते पान उघडलं. खूण करायला हात उचलला आणि नाही झालं गं. म्हटलं उद्या. दुसऱ्या दिवशीही तेच. आणि रोज त्याला निरोप येत होते. कुणी निवृत्त मास्तर, कुणी दूधवाला, कुणी दोन लेकरांची आई. "भाऊ, धीर सोडू नका." "आज तुमच्यासाठी मुलाने खाऊचे पैसे दिले." एकदा मी उत्तर लिहिलं. दादाने जसं लिहिलं असतं तसं. लिहिताना तो खोलीत असल्यासारखा वाटला. मग रोज लिहायला लागले. तू बोटं पांढऱ्या पाण्यात घालून त्याला विसरायचा प्रयत्न करतेस, मी असं केलं.

आता अकराशे माणसं दादाच्या नावाने दर महिन्याला देतात. एवढी दुसऱ्या कुणाच्या पानावर नाहीत. ते सगळं एकाच निधीत जातं आणि त्यावर बाकीच्यांचे उपचार चालतात. एक पैसा मी घरी नेला असेल तर माझे हात झडोत. डॉक्टरबाईंना वाटतं, दादाचे दाते त्याच्या आठवणीत देत राहिलेत. टेलिफोनवाल्या काकांना मात्र माहीत आहे. ते दादाला खांदा द्यायला आले होते. दोनदा म्हणाले, "ताई, हे बरं नाही." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

वहिनी, एक मागणं आहे. आमच्याकडे एक शिंपीणबाई आहे, तिशीची. आजार दादाचाच. तिच्या धाकट्या बहिणीचा बोन मॅरो तिला जुळला. दादाला कुणाचाच जुळला नव्हता, आठवतं ना? तिची तारीख वीस एप्रिलची ठरली आहे, इस्पितळाला आधी भरणा करावा लागतो. ती वॉर्डात बसून नर्सबायांच्या झग्यांची शिलाई उसवते आणि नीट घालून देते, "तुमचा शिंपी आंधळा होता का?" म्हणून त्यांनाच झापते.

तिचं होऊ दे. एकवीस एप्रिलला सकाळी मी दादाच्या पानावर खूण करते. तोवर गप्प राहा. पाया पडते.

छबू


९ मार्च

छबू,

पत्र मिळालं. वीस एप्रिलपर्यंत थांबू नकोस. आज बंद कर, हे पत्र हातात पडेल त्या क्षणी बंद कर. डॉक्टरबाईंपुढे जाऊन सगळं सांग. तुझ्या तोंडून कळलेलं बरं, दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा.

मी कुणाला काही बोललेली नाही. पण अशा गोष्टी झाकून राहत नाहीत.

शिंपीणबाईसाठी दुसरा काही मार्ग निघतो का बघ. माझ्या हातात दोन बांगड्या आहेत, त्या पाठव म्हणालीस तर पाठवते.

वहिनी


१७ मार्च

वहिनी,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी सकाळी घात झाला होता.

दादाच्या फोटोखाली कुणीतरी लिहिलं, "हा माणूस मागच्या मे महिन्यातच गेला. विचारा यांना." नाव नाही, गाव नाही. दुपारपर्यंत चारशे जणांनी ते पुढे पाठवलं. दुसऱ्या दिवशी टेलिफोन खाली ठेवायला उसंत नव्हती. "मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाता?" एका म्हाताऱ्या बाईने फक्त रडून फोन ठेवला. निवृत्त मास्तरांचं पत्र आलं, त्यात एकच ओळ. "मी त्याच्याशी रोज बोलत होतो."

मी डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "माझ्या पंचवीस वर्षांवर तू पाणी फिरवलंस." मला घरी बसवलं आहे. देणग्या ज्या कंपनीमार्फत जमा होतात तिने चौकशी होईपर्यंत सगळं जमा झालेलं अडकवून ठेवलं. शिंपीणबाईचा भरणा होऊ शकत नाही. तारीख पुढे गेली.

क्षणभर तुझ्यावर संशय आला, खोटं कशाला सांगू. पण तू लिहिलंस ना, कुणाला बोलले नाही म्हणून. तू कधी खोटं बोलत नाहीस; तो मक्ता आमच्या घरात माझा. मग उरलं कोण? टेलिफोनवाले काका. त्यांनाच ठाऊक होतं, त्यांनाच खुपत होतं. मी डॉक्टरबाईंना तसं सांगितलं. काकांना बोलावलं तर ते म्हणाले, "मी लिहिलं नाही. पण कुणीतरी लिहायला हवं होतं." एवढ्यावर त्यांनाही घरी पाठवलं. अठरा वर्षांचा डबा, छत्री आणि खुर्चीवरची उशी घेऊन गेले.

मला वाईट वाटलं नाही. उलट मनातून बरं वाटलं. मी किती हलकट झालेय ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

उत्तर लगेच लिही.

छबू


२९ एप्रिल

वहिनी,

सहा आठवडे झाले, तुझं पत्र नाही. पिल्लू बरी आहे ना?

शिंपीणबाई गेली. चोवीस तारखेला.

तारीख पुढे गेल्यावर मध्ये काही करता येईना. अंगात ताप शिरला, मग फुप्फुसात पाणी झालं. अडकलेले पैसे सव्वीस तारखेला सुटले. दोन दिवसांनी.

मला वॉर्डात येऊ देत नव्हते, मी खालच्या बाकड्यावर बसायचे. शेवटच्या आठवड्यात तिने मला वर बोलावून घेतलं. मला वाटलं थोबाडीत मारेल. म्हणाली, "तुम्हीच का त्या, भावाला जिवंत ठेवणाऱ्या?" मी मान हलवली. "मला नका हं असं ठेवू. माझ्या पोरांना वाट बघायची सवय लागेल." मग दमली आणि भिंतीकडे तोंड केलं.

दादाच्या पानावर मी मार्चातच खूण केली होती, डॉक्टरबाई शेजारी उभ्या असताना. एक सेकंद लागला. काही वाटलं नाही. पण शिंपीणबाई गेली त्या दिवशी घरी येऊन मी दादासाठी पहिल्यांदा रडले. अकरा महिने राहिलं होतं ते.

तुला माझा राग आला असेल तर तसं लिही. न लिहिणं सोसत नाही.

छबू


५ मे

छबू,

राग मला तुझा नाही.

ते बातमीदाराने लिहिलं. तिला मी सांगितलं.

सव्वीस फेब्रुवारीला तिने ते खाट नंबर सातचं वाक्य वाचलं आणि बायका हसल्या ना, तेव्हा माझा तोल गेला. सुट्टी संपल्यावर तिला यंत्रामागे ओढली आणि म्हटलं, "हा माझा नवरा आहे. मे महिन्यात माझ्या मांडीवर गेला." ती पांढरीफटक पडली. माझे हात धरून रडली. कुणाला बोलणार नाही म्हणून स्वतःच्या मुलाची शपथ घेतली. पंधरा दिवस पोटात ठेवलं तिने, तिच्यासाठी तेही फार झालं. तिला वाटलं, ती माझ्यासाठी भांडतेय.

तुझं खरं पत्र आलं तोवर माझ्या तोंडून निघून गेलं होतं. शिंपीणबाईबद्दल वाचलं. बातमीदाराला पुन्हा विनवलं, ती म्हणाली काळजी करू नकोस. मी तुला "कुणाला बोललेली नाही" असं लिहिलं तेव्हा पेन दोनदा थांबलं होतं. तरी लिहिलं. म्हटलं, कदाचित काहीच होणार नाही आणि तुला कळायची गरजच पडणार नाही. तूही असंच म्हणाली असशील, उद्या खूण करू म्हणून.

मग काकांचं वाचलं. त्या दिवशी उत्तर लिहायला हवं होतं. कागद पुढे घेऊन बसले. एक दिवस, दोन दिवस, सहा आठवडे. एका निरपराध माणसाची उशी रस्त्यावर आली आणि मी काचा घासत बसले.

मी खरं बोलले म्हणून ती शिंपीणबाई गेली का? हा प्रश्न मी रोज यंत्रावर बसून विचारते. खरं बोलण्याचा पश्चात्ताप होत नाही, आणि होतोही. तुला ठाऊक असेल तर सांग.

वहिनी


१९ मे

वहिनी,

पत्र वाचून फाडलं. मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं.

पहिले तीन दिवस मी तुला मनात नाही नाही ते बोलले. चौथ्या दिवशी काकांच्या घरी गेले. दार त्यांनीच उघडलं. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हटलं, "काका, तुम्ही नव्हता. आमच्या घरातलंच माणूस होतं." त्यांनी आत बोलावलं नाही. पाणी आणून दिलं, मी पिऊन होईपर्यंत थांबले, भांडं परत घेतलं. म्हणाले, "ताई, मला माहीतच होतं मी नव्हतो. तुम्ही कशाला आलात?" आणि दार लावलं. डॉक्टरबाईंनी त्यांना परत बोलावलं, ते गेले नाहीत.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला एवढंच सुचतं. तू खरं बोललीस ते वेळेवर होतं, नऊ महिने उशीर माझा होता. तिचं मरण मी माझ्याकडे घेते. पण काकांबद्दल तू गप्प राहिलीस, ते तुझं. ते मी नाही घेणार. माझ्याकडे जागा नाही.

अकराशेंतले आता एकशे सत्तर उरलेत. डॉक्टरबाईंनी मला एक काम दिलं आहे, पगार न देता. दादाच्या प्रत्येक दात्याला हाताने पत्र लिहायचं. छापील नाही, यंत्रातून नाही. तो कधी गेला, त्यानंतर त्यांच्याशी कोण बोलत होतं, त्यांनी दिलेले पैसे कुठे गेले. आठवड्यात चाळीस झाली. प्रत्येक पत्रात 'माझा भाऊ बावीस मे रोजी गेला' असं लिहावं लागतं. हात भरून येतो.

काल शिंपीणबाईची धाकटी बहीण आली होती. बहिणीचे टाके घालायचे राहून गेलेले नर्सबायांचे दोन झगे परत करायला. जाताना जिन्यात थांबली आणि म्हणाली, "माझं जुळलं होतं ना. आता ते दुसऱ्या कुणाला चालेल का?" डॉक्टरबाईंनी तिला आत नेलं. मी बाहेर बसून राहिले.

तू ये असं लिहायला हात धजत नाही. येऊ नकोस असंही लिहवत नाही.

छबू


२४ मे

छबू,

परवा ह्यांना वर्ष झालं. मी पिल्लूला जवळ घेऊन सांगितलं, त्या काकूच्या फोनवरचे तुझे बाबाच होते, आणि मी तुझ्याशी खोटं बोलले. ती म्हणाली, "मला ओळखू आले होते." तिने तीन महिने मला सांभाळून घेतलं, छबू. नऊ वर्षांची पोर.

शाळेला सुट्टी लागली. कारखान्यातून मला पंधरा दिवस मिळालेत, बिनपगारी. शनिवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघी निघतो. तुझ्या उत्तराची वाट बघत नाही, कारण तू आता काहीही लिहिलंस तरी मी येणार आहे. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. सतरंजी घालून दे, एका बाजूला बसून मी पत्रं लिहीन. माझं अक्षर तुझ्याहून बरं आहे आणि तारीख मलाही पाठ आहे. दोघींनी लिहिलं तर निम्मी होतील.

तू म्हणालीस ते बरोबर आहे, जे माझं ते माझं. म्हणून काकांच्या घराचा पत्ता काढून ठेव. स्टेशनवरून मी आधी तिकडे जाणार, पिल्लूला घेऊन. ते दार लावतील. लावू देत. ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मी बाहेरूनच माझं नाव सांगेन.

वहिनी